‘अपूर्ण’

आमच्या मौदा गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी चित्रकलेचा शिक्षक म्हणून मी वर्षानुवर्षे फळ्यावर समुद्रच काढला. निळे पाणी, पांढऱ्या लाटा, शिडाची होडी. माणसे सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. पण त्यांना नाक-डोळे हवेत, शर्टाची बटणेसुद्धा. ती माणसे चिकटवल्यासारखी दिसत. मला मात्र ते नीटनेटके काम वाटे.

एकदा नववीतल्या मुलीने कन्हान नदीचे चित्र आणले. सारे धुक्यात, डोंगा राखाडी, माणसे म्हणजे ब्रशचे दोन-तीन फटकारे. मी लाल पेनाने शेरा मारला, ‘अपूर्ण’. ती काही बोलली नाही.

निवृत्तीनंतर हौसेने कोकणात जाऊन समुद्र रंगवायला बसलो. चार दिवसांत एक चित्र धड झाले नाही. जितके बारकावे भरले, तितकी चित्रातली हवा गेली.

परतल्यावर डिसेंबरच्या एका सकाळी कन्हानच्या रेतीवर गेलो. पलीकडचा काठ धुक्याने गिळला होता. नदीचा समुद्र झाला होता. जवळचा ढिवर जाळे झटकत होता, काळसर. त्याच्या मागचा राखाडी. तिसरा असून नसल्यासारखा. सपाट रेतीवर उभ्या तिघांची डोकी जवळपास एकाच रेषेत, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. लांबच्याचे पाय तेवढे वर सरकलेले. दोन माणसांमध्ये किती धुके आहे, ते त्यांच्या रंगांतल्या फरकावरून कळत होते. माणसे शेवटी घालायची नसतातच. हवा मोजायला तीच लागतात.

तिथेच कागद भिजवला. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून राखाडी रंग केला आणि आकाश-पाणी एकाच हाताने ओढले. ओल असतानाच लांबचा माणूस टेकवला, तो आपोआप विरघळला. जवळचा मात्र कागद सुकल्यावर, गडद रंगात. चेहरा दिला नाही. वाकलेला खांदा पुरला.

इंग्रज चित्रकार टर्नरने १८४२ साली वादळातली आगबोट अशीच धूसर रंगवली. त्याचे नाव मी वर्गात कितीदा घेतले असेल! शिकलो मात्र काहीच नव्हतो. त्या मुलीला ते नाव माहीतही नसेल, पण तिने नदी पाहिली होती.

तो शेरा आता खोडता येत नाही. चित्रकला शिकवणाऱ्यांना एवढेच सांगतो: धूसर चित्रावर लाल पेन चालवण्याआधी एकदा हिवाळ्यात, पहाटे नदीवर जाऊन या.