रोमचा रोजखर्च

परदेशवारीचा हिशेब माणसाने घरी करावा आणि घरीच ठेवून जावे! पण आम्ही पडलो मास्तर. रोमला निघण्यापूर्वी वहीत रकाने आखले: खोली, खाणे, बस, प्रवेशमूल्य. खोलीवर दर माणशी, दर रात्री नगरपालिकेचा निराळा कर बसतो, तो नेमका राहिला. पहिल्याच संध्याकाळी काटकसर सुरू!

तशी रोमनगरी गरिबाला सांभाळून घेते. पाणी फुकट. १८७४ पासून ठिकठिकाणी लोखंडी नळ अखंड वाहताहेत. तोटी नाकासारखी, म्हणून त्यांचे नाव ‘नासोने’, म्हणजे नाकाड्या! सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये काराव्हाज्जोची तीन अस्सल चित्रे पाहिली, तीही बिनतिकिटाची.

घोडे अडले कॉफीपाशी. तिथे गल्ल्याजवळ उभ्याने प्यायली तर एक भाव, टेबलाशी बसून प्यायली तर दुसरा. आणि मोक्याच्या चौकात तो चांगलाच चढा. युरोचे जवळजवळ शंभर रुपये! तीन दिवस आम्ही उभ्याने कॉफी प्यायलो. चौथ्या दिवशी पियाझ्झा नाव्होनात ही म्हणाली,

“अहो, तुमचा हिशेब बरोबरच असेल. पण माझे गुडघे कुठल्या रकान्यात घातलेत?”

मी मुकाट्याने खुर्ची ओढली.

समोर बेर्निनीचे चार नद्यांचे कारंजे होते. त्यातली एक आपली गंगा. मात्र चक्क दाढीवाला पुरुष, हाती वल्हे! तिच्याकडे (की त्याच्याकडे?) पाहत हिने ती एवढीशी कॉफी पाऊण तास पुरवली.

रात्री वहीत पाचवा रकाना पाडला: ‘बसणे’. दोघांचे मिळून रोज दहा युरो.