चार दारांचं देऊळ

१९१३ सालच्या ५ मार्चला धारवाडात गंगूबाई हनगल जन्मल्या, आणि त्याच वर्षी ३ मेला गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. किराणा घराण्याची ही थोर गायिका आणि आपला चित्रपट, दोघांच्या वयात दोनच महिन्यांचं अंतर. धाकट्यानं पुढं अख्खा देश आपलासा केला. थोरल्या बाई हुबळीत घर करून राहिल्या, आयुष्यभर गात राहिल्या आणि २००९ साली गेल्या. त्यांच्या नावाचं गुरुकुल आज उणकलला आहे. तिथं शिष्य गुरूंच्या सहवासात राहून शिकतात. गुरुकुलाबाहेर मात्र उणकल आता हुबळीतच मिसळून गेलं आहे. धारवाडच्या रस्त्यावर ‘चिगरी’ नावाची बस पळत असते आणि बसमधल्या निम्म्या माना मोबाइलवरच्या कुठल्या तरी नव्या पिक्चरच्या तुकड्यावर वाकलेल्या असतात. ज्यांची मान वाकलेली नाही, जे खिडकीतून उणकलच्या तळ्याकडे बघत बसले आहेत, त्यांच्याविषयी मला बोलायचं आहे. असा एखादा माणूस बहुतेक प्रत्येक घरात असतो. सगळे टीव्हीसमोर जमले की तो हळूच चपला घालतो. ‘अमका पाहिला का?’ असं विचारलं की ‘नाही’ म्हणतो, आणि त्या ‘नाही’त ना शरम असते ना तोरा. आपण मात्र त्याला माणूसघाणा, अरसिक किंवा शिष्ट ठरवून मोकळे होतो. माझं म्हणणं असं की त्याच्यात काही कमी नाही. त्याला दुसरं काही तरी हवं आहे, आणि ते काय हे समजायला हुबळी-धारवाडइतकं सोयीचं ठिकाण क्वचितच सापडेल.

आधी एक घोळ निस्तरला पाहिजे. चित्रपटाचा विरोधक आणि चित्रपटाविषयी उदासीन माणूस या दोन वेगळ्या जाती आहेत. सरकारनं १९२७ साली दिवाण बहादूर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमाच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिची प्रश्नावली गांधीजींकडेही गेली. त्यांनी कळवलं की मी कधी सिनेमाला गेलेलोच नाही, तेव्हा उत्तरं द्यायला मी नालायक आहे. पण त्यापासून होणारं नुकसान बाहेरच्यालाही दिसतं, हेही जोडायला ते विसरले नाहीत. पुढं १९३९ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांना चित्रपटाची बाजू मांडणारं खुलं पत्र लिहिलं, आणि १९४४ साली जुहूला विश्रांती घेत असताना गांधीजींनी विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ पाहिला. विनोबांनी १९६० साली इंदूरला अशोभनीय पोस्टरांविरुद्ध मोहीम काढली. या दोघांनाही चित्रपट फार मोठी गोष्ट वाटत होती, म्हणून तर ते त्याच्याशी भांडले. उदासीन माणूस भांडत नाही. त्याच समितीनं पाठवलेल्या ४,३२५ प्रश्नावल्यांना लेखी उत्तरं आली अवघी ३२०. बाकीचे सगळे उदासीन होते असं मी म्हणणार नाही. सरकारी कागद आला की तो बाजूला ठेवायची आपली सवय जुनी आहे. तरी त्या हजारोंत काही जण असे नक्की असतील, ज्यांना या विषयावर सांगण्यासारखं खरोखरच काही नव्हतं. इतिहास विरोधकांची नावं लिहून ठेवतो. उदासीन माणसाचा पुरावा म्हणजे हे असे न आलेले कागद.

आता उदासीनता हे वैगुण्य आहे का, हा प्रश्न. काहींच्या बाबतीत कारण शरीरातच असतं. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिलं की काही धडधाकट माणसांना संगीतापासून सुखच होत नाही. पैसे जिंकण्याच्या खेळात त्यांची छाती इतरांसारखीच धडधडते, पण गाणं लावलं की आत काही हलत नाही; त्यांना सूर कळत नाहीत असंही नाही. म्हणजे सुखाचा झरा आटलेला नसतो, एक पाट तेवढा कोरडा असतो. संगीताचं असं असेल तर पडद्याचं का नसावं? काहींना चेहरेच ओळखू येत नाहीत. प्रख्यात मेंदूतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांना ही अडचण होती. अशा माणसाला एकसारख्या कोटातले दोन नायक वेगळे काढता येत नाहीत, आणि मध्यंतरापर्यंत कोण कुणाचा भाऊ हेच लागत नाही. असे लोक पुष्कळदा आपली अडचण सांगतही नाहीत, ‘मला आवड नाही’ एवढंच म्हणतात. पण ही झाली थोड्यांची गोष्ट. तिच्या आधारानं मी सगळ्या जमातीचा खटला लढवणार नाही, कारण मग प्रत्येक नावडीला आजाराचं नाव द्यावं लागेल, आणि तेही एक प्रकारे वैगुण्यच म्हटल्यासारखं होईल. बहुतेकांचे डोळे, कान, मेंदू ठणठणीत असतात. त्यांची अडचण वेगाची आहे, आणि वेग कुणाच्या हातात असावा याची आहे.

चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींनी पळतो. तीन तासांच्या पिक्चरमध्ये अडीच लाखांहून जास्त चौकटी डोळ्यांपुढून जातात, आणि त्यातली एकही आपल्या मर्जीनं थांबत नाही. चित्रपटाचे अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांनी मोजदाद केली तेव्हा १९३० ते १९६० या काळातल्या हॉलिवूडपटांत एक शॉट सरासरी आठ ते अकरा सेकंद टिकत होता. शतक संपता संपता तो तीन ते सहा सेकंदांवर आला. याच्या शेजारी किराण्याचा विलंबित एकताल ठेवून पाहा. त्याचं एक आवर्तन पाऊण मिनिट घेऊ शकतं. तेवढ्या वेळात पडद्यावर आठ ते पंधरा वेळा दृश्य बदललेलं असतं, आणि इकडे गायक एका गंधाराभोवती फिरून समेवर येतोय. बाहेरच्याला वाटतं, काही घडतच नाही. श्रोता मात्र आतून मोजत असतो, समेची वाट बघत असतो, कधी ती आधीच मनात गाठून गायकाची वाट बघत असतो, आणि सम आली की मान आपोआप हलते. ती हललेली मान गायकाला दिसते. ती पाहून तो पुढची जागा बदलतो, लांबवतो, नाही तर सोडून देतो. म्हणजे समोर बसलेल्याचा त्या गाण्यात वाटा असतो. चित्रपटगृहात तुम्ही हसा, रडा, झोपा, उठून जा, पडद्यावर तसूभर फरक पडत नाही. शिट्ट्या वाजवणाऱ्यालाही मनातून हे ठाऊक असतं. त्याची शिट्टी शेजारच्यांसाठी असते.

हा फरक आपल्याकडे एका माणसानं पणाला लावून पाहिला. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि संगीत नाटकाच्या मंडळ्या एकामागून एक ढासळू लागल्या. कर्जानं गांजलेले बालगंधर्व प्रभातकडे गेले, १९३५ साली शांतारामबापूंच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले, आणि एवढ्यावरच तो संसार मोडून पुन्हा रंगभूमीवर परतले, तेही रंगभूमीच बुडत असताना. व्यवहाराच्या हिशोबात हा वेडेपणाच. पण ज्याचं नाटक वन्स मोअर घेत घेत रात्रभर चालायचं, त्याला वन्स मोअर न देणाऱ्या कॅमेऱ्यापुढं काय करावं हे सुचलं नसेल, तर त्यात नवल कसलं? सवाई गंधर्व, म्हणजे आपल्या कुंदगोळचे रामभाऊ, हेही त्याच रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून गाजलेले. त्यांच्याकडे शिकायला गंगूबाई हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला जायच्या. धारवाड जिल्ह्यातल्या खेड्यांत श्रीकृष्ण पारिजाताचे खेळ होत, तेव्हा भागवत, म्हणजे सूत्रधार, आणि पात्रं यांच्यातली थट्टा समोर बसलेल्यांना ओढून घेतल्याशिवाय रंगत नसे. या मुलखातल्या श्रोत्याला कला अशी मिळाली आहे की तीत त्याच्यासाठी जागा राखलेली असते. त्यातल्या एखाद्याला पडद्यापुढं बसलं की पाहुण्याच्या घरी हात बांधून बसल्यासारखं वाटत असेल, तर त्याला अरसिक म्हणायला माझी जीभ धजत नाही.

उणकलच्या चंद्रमौळेश्वराच्या देवळात ही गोष्ट दगडात दिसते. सुमारे नऊशे वर्षांचं हे चालुक्यकालीन देऊळ. आतलं लिंग चतुर्मुख आहे आणि दारं निरनिराळ्या दिशांना उघडतात. कुठूनही आत या, एक चेहरा तुमच्याकडे आहेच. चित्रपटगृहाची रचना याच्या अगदी उलट: पडदा एका भिंतीला, सगळ्या खुर्च्यांची तोंडं तिकडेच, आणि दिवे मालवलेले, कारण तुम्ही दुसरीकडे बघू नये ही योजना. दोन्ही रचना माणसांनीच केल्या आहेत, आणि दोन्हींत माणसं भान हरपतात. पण एकीत फिरायची मुभा आहे, दुसरीत नाही, आणि काही पायांना फिरल्याशिवाय चैन पडत नाही.

यावर पहिला आक्षेप मीच घेतो, कारण तो माझ्या मुद्द्याच्या वर्मी लागणारा आहे. गाणंसुद्धा तबकडीवर आलंच की! १९३०च्या दशकात गंगूबाईंच्याच, ‘गांधारी’ या नावानं, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या निघाल्या. त्यात कुठल्या श्रोत्याची मान कुणाला दिसत होती? बरोबर आहे. ध्वनिमुद्रित गाणं आणि चित्रपट या बाबतीत एकाच तागडीत बसतात. फरक उरतो तो एवढाच की तबकडी कानांना धरते आणि डोळे मोकळे सोडते. ती ऐकता ऐकता भाकरी थापता येते, तळ्याकडे बघता येतं. चित्रपट दोन्ही मागतो, वर अंधारही मागतो. हा फरक लहान आहे हे मान्य, पण आवडीनिवडी अशा लहान फरकांवरच ठरतात. त्याच पिठाची भाकरी एकाला जाड आवडते, एकाला पातळ.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोणी म्हणेल, ही सगळी मैफलवाल्यांची, म्हणजे सुखवस्तूंची ऐट. मैफलीत शिरायला ओळख लागायची, रीत ठाऊक असावी लागायची, आणि जातीचा प्रश्न तर बोलूच नये असा. खुद्द गंगूबाईंना गाणारीण म्हणून काय काय ऐकून घ्यावं लागलं हे त्यांच्या चरित्रात आहे. उलट टॉकीजमध्ये तिकीट काढलं की झालं. तिथं माणसांची वर्गवारी झाली ती तिकिटाच्या दरावरून. घरातून बाहेर पडायला दुसरं निमित्त नसलेल्या बायकांना मॅटिनीनं तीन तासांची सुटका दिली. हे सगळं खरं आहे, आणि चित्रपटाचं हे ऋण नाकारणारा माणूस खोटा. १९५६च्या ‘बसंत बहार’मध्ये गदगला वाढलेले भीमसेन जोशी मन्ना डे यांच्याबरोबर गायले, तेव्हा जन्मात मैफलीच्या वाटेला न गेलेल्यांच्या कानांवर ते गाणं पोचलं. पण हे सगळे चित्रपटाचे गुण झाले. दार उघडं असणं निराळं आणि प्रत्येकानं त्यातून आत गेलंच पाहिजे असा आग्रह निराळा. शिवाय न पाहणारे सगळे मैफलवाले नसतातच. त्यांत शेतावरून थकून आलेला असतो, विणकाम करणारी असते, बुद्धिबळ खेळणारा असतो, आणि नुसतंच ओट्यावर बसणारेही असतात. ऐट करायला प्रेक्षक लागतात. ही माणसं तर सगळे घरात टीव्हीपुढं असताना एकटी बाहेर बसलेली असतात.

उरला तो एकटेपणाचा मुद्दा. पिक्चर न पाहणारा चारचौघांच्या बोलण्यातून तुटतो, असं म्हणतात. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांबाबत तर हे फार कळकळीनं सांगतात: १९५६ साली राज्यं बदलली, मुंबई लांब गेली, आता मराठी चित्रपट हाच भाषेचा धागा, तो तरी तोडू नका. कळकळ खरी आहे, पण धागा एकच असल्याचा समज चुकीचा आहे. धारवाडच्या बेंद्र्यांची घरची भाषा मराठी, कविता कन्नड, आणि ज्ञानपीठ मिळालं ते कन्नडसाठी. दोन भाषांमधली त्यांची ये-जा कुठल्या पडद्यावरून चालत नव्हती. इकडच्या घरांत अभंग आहेत, नाट्यपदं आहेत, आजीच्या ओव्या आहेत, कन्नड वळणानं बोललेली मराठी आहे, जिला पुण्यातले लोक हसतात आणि हसता हसता थांबून ऐकतात. चारचौघांतलं तुटलेपण मात्र थोडं खरं आहे. एखाद्या संवादावर सगळे एकदम हसले की त्याला कळत नाही का हसले. ते नुकसान तो सोसतो, आणि बहुतेक वेळा त्याला ते फार महाग पडत नाही. आपण त्याला खेचून तिकीटबारीपाशी नेतो तेव्हा त्याचा तोटा भरून निघत नाहीच, शेजारी बसून घड्याळ बघणारा माणूस आपल्या पदरात पडतो तो वेगळाच.

तेव्हा तुमच्या घरी असा कुणी असेल, काका, मावशी, बायको किंवा कॉलेजात जाणारा मुलगा, तर पुढच्या रविवारी त्याचं तिकीट काढू नका. तुम्ही जाऊन या. परत आल्यावर जेवताना त्याला गोष्ट मात्र सांगा, सावकाश, हवी तशी फिरवून. पिक्चर न पाहणाऱ्या पुष्कळांना सांगितलेली गोष्ट फार आवडते. तिथं मध्येच हात वर करून ‘थांब, मग ती काय म्हणाली?’ असं विचारता येतं.