घरटी दहा भाकरी

सप्ताहाच्या दिवसांत आमच्या गावात संध्याकाळी हरिपाठ संपला की देवळाच्या स्पीकरवरून पुकारा होतो. उद्याच्या पंगतीला खालची आळी आणि ओढ्यापलीकडच्या वस्त्या, घरटी दहा भाकरी, सकाळी दहाच्या आत देवळात पोचत्या करा. एवढंच. कुणी घरोघर निरोप देत फिरत नाही की वहीत सही घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या यायला लागतात. कुणी डोक्यावर पाटी घेऊन येतं, कुणी पोराला सायकलवरून पिटाळतं, वस्तीवरचा एखादा गडी मोटारसायकलच्या हँडलला गाठोडं अडकवून येतो. देवळामागच्या खोलीत धुतलेलं पांढरं धोतर अंथरलेलं असतं. त्यावर चवडी लागत जातात.

त्या चवडींजवळ बसणाऱ्या एक मावशी होत्या. भाकऱ्या मोजून घेणं आणि निवलेल्या वर, गरम खाली अशा लावणं हे त्यांचं काम. भाकरी बघून ती कुणाच्या हातची हे त्या सांगत. "ही मळ्यातल्या थोरल्या घरची. काठ बघ की कसा पातळ हाय." दुसरी उचलून म्हणायच्या, "ही नव्या सुनेची. पापुद्रा सुटलाय, पण मधी जाड ऱ्हायलीय. येतंय, येतंय." त्यात टिंगल नसायची. घरात म्हातारी आजारी आहे, म्हणून आज पोरीने थापल्या, हे त्यांना भाकरीवरूनच कळायचं आणि दुपारी त्या म्हातारीकडे आमटीचा डबा आपसूक जायचा.

पण हे सगळं चवड लागेपर्यंत. एकदा का वाढप्यांनी पाट्या उचलल्या की कुणाची भाकरी कुणाच्या पत्रावळीवर पडली याचा पत्ता लागत नाही. लहानपणी मी आईच्या हातची भाकरी पंगतीत शोधायचो. ती मला कधी सापडली नाही. ज्यांच्या घरचा उंबरा मी ओलांडला नव्हता त्यांची भाकरी मी खाल्ली, आणि आईची भाकरी कुणी खाल्ली ते मला आजही माहीत नाही. गाव म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी ही चवड दाखवीन.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही परतीचा पडला तर. म्हणून इथलं खरं पीक रब्बीची ज्वारी. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. काळ्या रानातल्या नुसत्या ओलीवर, थंडीत पडणाऱ्या दवावर पोसलेल्या या दाण्याची भाकरी सकाळची दुपारपर्यंत मऊ राहते. घरटी भाकऱ्या गोळा करायची पद्धत इथे रुजली त्याला हे साधं कारणही असावं. शंभर घरांत सकाळी थापलेली भाकरी दुपारच्या पंगतीला कडक होऊन चालत नाही.

सप्ताहातली दुसरी गोष्ट वीणेची. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस, सात रात्री जमिनीवर टेकवायची नसते आणि नामही थांबू द्यायचं नसतं. दोन-दोन तासांचे पहारे लावले तर सात दिवसांचे चौऱ्याऐंशी पहारे होतात. दर पहाऱ्याला एका माणसाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात वीणा जायची. जाताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वय कितीही असो. त्यातले रात्रीचे बाराच्या पुढचे पहारे अवघड. ते कुणाला द्यायचे यावर दरवर्षी बोलणं होतं आणि दरवर्षी काही माणसं स्वतःहून तेच मागून घेतात. एसटीची ड्यूटी संपवून रात्री गावात येणारा एक ड्रायव्हर बारा ते दोन घ्यायचा. त्याच्या मागून दोन ते चार एक शिंपी. दिवसभर पायमशीन चालवून थकलेला हा माणूस त्या दोन तासांत खांबाला टेकलेला मी कधी पाहिला नाही. सकाळी काकड्याला आलेल्या गावाला रात्रीची ही माणसं दिसत नाहीत. त्यांच्यामुळे सकाळपर्यंत नाम चालू राहिलेलं असतं.

याला लोक श्रद्धा म्हणतात आणि ती आहेच. पण मला त्यात कसबही दिसतं. हजार माणसांची आमटी करायला किती डाळ लागेल, चुलाण वाऱ्याच्या कोणत्या अंगाला खणायचं, काल्याच्या दिवशीच्या हुग्गीला खपली गहू आदल्या दिवशी कुणाच्या उखळात सडायचा, रुसलेल्या भावकीला बोलवायला कुणाला पाठवायचं, वर्गणीत कमी पडलं तर कुणाच्या दारात न जाता कसं भागवायचं. हे कुठे लिहिलेलं नाही. ते फक्त करून येतं. शेजारच्याबरोबर बोलणं बंद असलं तरी काहिलीचा दुसरा कान त्यानेच धरायचा असतो, हे पोराला सोळाव्या-सतराव्या वर्षी समजतं आणि पुढे जन्मभर पुरतं.

तिकडे माळशिरस तालुक्यात या कसबाची दरवर्षी कसोटी लागते. आषाढीला माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव अशी मुक्काम करत वाखरीला येते. काही हजार वस्तीच्या गावात एका संध्याकाळी लाखांनी माणूस उतरतो. शाळा उघडतात, गोठे झाडून देतात, विहिरींच्या मोटारी वारकऱ्यांसाठी सोडतात. कित्येक दिंड्यांची उतरायची घरं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. आजोबांच्या वेळी ज्या ओसरीवर पाठ टेकली, तिथेच नातू वळकटी सोडतो.

आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे, बार्शीच्या काही भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते तेव्हा उलटं होतं. गाव ओस पडतं आणि रानं भरतात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप उभारून पूजा करतात. हरभऱ्याच्या पाल्याची आणि शेंगाभाज्यांची दाटसर भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. बांधावरून जाणाऱ्याला, तो ओळखीचा असो नसो, हाक मारून बसवायचं. त्या दिवशी रस्त्याने उपाशी कुणी जात नाही.

माझ्या मनात हे सगळं एका वेगळ्या गोष्टीशी जोडलेलं आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत बार्शी तालुक्यातल्या सुर्डी गावाने राज्यात पहिला नंबर मिळवला. बक्षीस पंचाहत्तर लाखांचं होतं. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवसांचं काम: माथ्यावर सलग समतल चर, खाली बांधबंदिस्ती, ओढ्यांचं खोलीकरण. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीच्या खाली यायला तयार नसतो. अशा दिवसांत पहाटे उठून माणसं कुदळ-खोरं घेऊन माळावर जातात, यामागे स्पर्धेचं आकर्षण होतं, प्रशिक्षण होतं, यंत्रांना मदत होती. पण पंचेचाळीस दिवस गाव टिकवून धरणं हे बाहेरून कुणी शिकवून जमत नाही असं मला वाटतं. पाळ्या लावणं, न आलेल्याला टोचून न बोलता दुसऱ्या दिवशी आणणं, पाणी आणि न्याहारी वेळेवर पोचवणं, हे सगळं सप्ताहाचंच शिक्षण. गावांच्या हाताला ते आधीपासून होतं. फक्त वीणेच्या जागी कुदळ आली.

त्याआधीची पिढी वेगळ्या रांगेत उभी राहिली होती. १९७२ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यातल्या बाया-माणसांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी गिळल्या. ते काम पोटासाठी होतं आणि कुठलं काम करायचं हे सरकार ठरवत होतं. सुर्डीत ठरवणारं गाव होतं. हा फरक मला फार मोठा वाटतो.

असं स्वतः ठरवणारी माणसं फार लांबही आहेत. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एग नावाचं एक छोटं बेट आहे. तिथल्या वस्तीपेक्षा आमच्या एखाद्या वाडीची वस्ती जास्त भरेल. पिढ्यान्‌पिढ्या ते बेट कुणा ना कुणा जमीनदाराच्या मालकीचं होतं आणि तो विकेल तसं विकलं जायचं, माणसांसकट म्हणा ना. १९९७ साली तिथल्या रहिवाशांनी वर्गणी उभी केली, जगभरातल्या हजारो अनोळखी माणसांनी हातभार लावला आणि पंधरा लाख पौंडांना ते बेट त्यांच्या विश्वस्त संस्थेने विकत घेतलं. पुढे २००८ मध्ये त्यांनी वारा, ऊन आणि ओढ्याचं पाणी यांच्यावर स्वतःची वीज उभी केली. ती सगळ्यांना पुरावी म्हणून एक नियम केला: एका घराने एका वेळी पाच किलोवॉटच्या वर वीज ओढायची नाही. मोठं घर असो, लहान असो. घरटी पाच किलोवॉट. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या स्पीकरवरचा पुकारा ऐकू आला. आम्ही घरटी किती द्यायचं ते ठरवतो, त्यांनी घरटी किती घ्यायचं ते ठरवलं. दोन्हीकडे आकडा सगळ्यांना सारखा आहे आणि दोन्हीकडे तो माणसांनी आपसांत बसून काढलेला आहे.

इथवर लिहिताना मला चांगलं वाटत होतं. पण हा सारखा आकडा आमच्याकडे सगळ्यांना सारखा कधी होता?

आमच्याच जिल्ह्यातलं मंगळवेढं. दुष्काळात सरकारी कोठार लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचं गाव, आणि चोखोबांचंही. १३३८ साली, मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना ते कोसळलं आणि कामावर राबणारी माणसं त्याखाली गाडली गेली. त्यांत चोखामेळा होते. ज्या भिंतीच्या आत राहायची त्यांना मुभा नव्हती, ती भिंत बांधताना ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर समाधी बांधली. महाद्वाराच्या समोर, म्हणजे बाहेरच. त्यानंतर सहा शतकं गेली. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, दहा दिवसांनी विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं करण्याचं मान्य झालं. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा तीन महिने उरले होते.

सामुदायिक श्रमाचं कौतुक करताना मला ते गावकूस विसरता येत नाही. हात सगळ्यांचे घ्यायचे आणि पंगतीत बसवायचं मात्र वेगळं, हे आमच्या गावानेही केलं. माझ्या आजोबांच्या काळात ओढ्यापलीकडून वर्गणी यायची, लाकडं यायची, भाकरी घेतली जात नव्हती. ते बदलायला गावातल्या काही माणसांना वाईटपणा घ्यावा लागला. पहिल्या वर्षी काही घरं जेवायला आली नाहीत. दुसऱ्या वर्षी थोडी आली. मावशींच्या चवडीत ओढ्यापलीकडच्या भाकरी मिसळल्या त्या अशा. म्हणून पुकाऱ्यात त्या वस्त्यांचं नाव आलं की मला बरं वाटतं. त्या एका नावासाठी भांडण झालेलं आहे.

आता गावात नवा प्रश्न आहे. पोरं पुण्याला. कुणी चाकणच्या कंपनीत, कुणी हिंजवडीत. वर्गणी फोनवरून येते, पूर्वीपेक्षा जास्त येते आणि वेळेवर येते. त्या पोरांची ओढ खरी आहे. काल्याच्या आदल्या रात्री स्टँडवर उतरणाऱ्या त्यांच्या रांगा मी पाहतो. पण सात दिवस चुलाणाजवळ उभं राहायला माणूस कमी पडतं. घराघरांतून भाकरी थापणाऱ्या बायकांच्या पाठी दुखतात, सुना नोकरीला जातात, आणि हे काम त्यांनीच का करायचं हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. पंच कमिटीच्या मागच्या बैठकीत केटरर लावायचा विषय निघाला. चपाती, भाजी, मसालेभात, टेबलावर मांडलेलं, ज्याने त्याने ताट भरून घ्यायचं. पैसे आहेत. गावाला ताप नाही.

ठराव मांडणारे माझ्या वयाचे, माझ्या घरोब्यातले. त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं. काम हलकं व्हायला हवं यात वाद नाही. भाकरी करायचं यंत्र घेता येईल, पीठ मळायला गडी लागतील, घरटी दहाच्या जागी पाच करता येतील, भाकरी बाप्यांनीही थापाव्यात. वारीतल्या दिंडीत किती बाप्ये थापतात. शिकवायला मावशींची लेक तयार आहे, मी विचारून ठेवलंय. पण घरोघरची भाकरी एकदा बंद झाली तर त्यासोबत काय काय बंद होईल याचा हिशेब केटररच्या बिलात येणार नाही. म्हातारीकडे आमटीचा डबा कुणाच्या लक्षात राहील? ओढ्यापलीकडची भाकरी चवडीत घ्यायला जी दोन वर्षं लागली, ती कुठे जातील? आणि उद्या पाऊस पुन्हा पडला नाही, माळावर चर खणायची पाळी आली, तर पाळ्या कोण लावणार?

कमिटीची पुढची बैठक येत्या एकादशीला रात्री देवळात आहे. पुण्याच्या पोरांनाही फोनवर घ्या असं मी सांगितलं आहे, आणि बायकांना बोलवल्याशिवाय हा विषय घेऊ नका असंही. भाकरी त्यांनी थापल्या, तेव्हा पहिलं बोलणं त्यांचं. मी त्यांच्या मागून बोलणार आहे.