नावाआधीचा शब्द

रत्नागिरीचा माणूस कोल्हापुरास निघाला, म्हणजे तो ‘घाटावर’ जातो. कोल्हापूरचा माणूस रत्नागिरीस निघाला, म्हणजे तो ‘कोकणात’ उतरतो. ‘कोकणावर गेलो’ असे कोणी म्हणत नाही. ‘घाटात’ गाडी बंद पडते, आणि ‘घाटावर’ मुलीचे लग्न ठरते. हा भेद मराठी मुलाला कोणी मुद्दाम शिकविलेला नसतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून तो कानावर पडतो आणि नकळत जिभेवर बसतो. ‘रायगडावर राहिलो’ असे सांगणारा शेकडो पायऱ्या चढून आलेला असतो. ‘रायगडात राहतो’ असे सांगणारा कदाचित समुद्रकाठी अलिबागेस राहत असेल, कारण १९८१ साली जुन्या कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. नाव तेच, पण मागून येणाऱ्या एका अक्षराने किल्ला कोणता आणि जिल्हा कोणता, हे कळून चुकते.

फ्रेंच भाषेत अशा लहान शब्दांचा थाट ह्याहूनही मोठा आहे. मराठीत ते नामाच्या मागून येऊन त्याला चिकटतात. फ्रेंचमध्ये ते दरबारातल्या भालदारासारखे नामाच्या पुढे चालतात. भालदाराची ललकारी ऐकताच मागून कोण येत आहे हे दरबाराला समजावे, त्याप्रमाणे तो लहान शब्द ऐकताच आता शहराचे नाव येणार की देशाचे, ह्याचा अंदाज ऐकणाऱ्यास येतो.

शहराचा भालदार ‘आ’. पॅरिस शहराला तेथील लोक ‘पारी’ म्हणतात. तेव्हा ‘आ पारी’ म्हणजे पॅरिसला. पॅरिसला जाणे असो की पॅरिसला राहणे असो, शब्द हाच. ह्यात मराठी मुलाला नवल वाटण्याचे कारण नाही. ‘काका पुण्याला गेले’ आणि ‘काका पुण्याला असतात’ ह्या दोन वाक्यांत आपला ‘ला’ हा प्रत्ययही अशीच दोन्ही कामे बिनतक्रार करीत असतो.

देशांची गोष्ट मात्र निराळी. देशाच्या नावाआधी कोणता शब्द यावा, हे त्या नावाच्या लिंगावर ठरते. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही; तेव्हा प्रत्येक देश एक तर स्त्री, नाही तर पुरुष! फ्रान्स, इटली, स्पेन, चीन ही नावे स्त्रीलिंगी. आपल्या भारताचे फ्रेंच नावही स्त्रीलिंगीच. ह्यांच्या आधी ‘आँ’ येतो. हा शब्द नाकातून उच्चारावयाचा. जपान, पोर्तुगाल, ब्राझील, कॅनडा हे पुल्लिंगी. त्यांच्या आधी ‘ओ’. हा ‘ओ’ म्हणजे एक प्रकारचा संधीच आहे. इंग्रजीत नामाआधी जसे उपपद येते, तसे फ्रेंचमध्ये पुल्लिंगी नामाआधी ‘ल’ हे उपपद येते. त्याची आणि ‘आ’ची गाठ पडली की दोघे मिळून ‘ओ’ होतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने अनेक, म्हणून त्यांचे नाव अनेकवचनी. तेथेही कानाला ‘ओ’च ऐकू येतो, पण लिहिताना त्याला एक अक्षर अधिक जोडावे लागते.

कोणता देश स्त्री आणि कोणता पुरुष, हे ओळखावे कसे? ज्या देशाच्या फ्रेंच नावाच्या शेवटी मुका ‘ई’ लिहितात, ते नाव बहुधा स्त्रीलिंगी असते. ‘बहुधा’ हा शब्द येथे विसरून चालणार नाही. मेक्सिको, कंबोडिया आणि मोझांबिक ह्यांच्या फ्रेंच नावांच्या शेवटी तेच अक्षर आहे, आणि तरीही ती पुल्लिंगी आहेत. फ्रेंच शिकणारा परका विद्यार्थी येथे हमखास ठेच खातो. पण त्याच्याकडे पाहून मराठी मुलाने फार हसू नये हे बरे. आपण ‘अमेरिकेत’ म्हणतो, पण ‘गोवेत’ म्हणत नाही. ‘गोव्यात’ आणि ‘पुण्यात’ म्हणतो. अमेरिका ती, गोवा तो आणि पुणे ते, असे तीन निरनिराळे मार्ग प्रत्येक नावाने आपापल्या लिंगाप्रमाणे धरलेले आहेत. एखादा फ्रेंच पाहुणा ‘मी अमेरिकात होतो’ असे म्हणाला, तर दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. तो आपल्या कानाने वाढलेला नाही, इतकेच.

कानाचा अधिकार फ्रेंचमध्ये तर व्याकरणाहूनही वरचढ ठरतो. इराण पुल्लिंगी आहे. नियमाने त्याच्या आधी ‘ओ’ यावा. पण ‘ओ’ आणि ‘इ’ असे दोन स्वर एकमेकांवर आदळलेले फ्रेंच कानाला रुचत नाहीत. म्हणून स्वराने आरंभ होणाऱ्या पुल्लिंगी देशाला स्त्रीलिंगी देशाचा ‘आँ’ उसना दिला जातो, आणि बोलताना मधे एक ‘न’ येऊन ‘आँ-निराँ’ असे गोड जुळते. इराण आणि भारत ह्यांची लिंगे वेगळी, पण भालदार एकच.

शहरांतही काही हट्टी आहेतच. सेन नदीच्या मुखाशी १५१७ साली वसविलेल्या एका बंदराचे नाव आहे ‘ल आव्र’. त्याचा अर्थच ‘बंदर’. ह्यातला ‘ल’ हा नावाचाच भाग. तरीही ‘आ’ भेटताच तो त्यात विरघळतो आणि शहर असूनही ‘ओ आव्र’ असे म्हणावे लागते. इजिप्तची राजधानी कैरो हिच्या फ्रेंच नावाचीही तीच तऱ्हा. दक्षिण फ्रान्समधील आव्हिन्यों शहराविषयी तर वादच आहे. चौदाव्या शतकात तेथे पोप राहत असत, आणि ते शहर १७९१ पर्यंत फ्रान्सच्या राज्याबाहेर होते. आजही कित्येक जण मोठ्या ऐटीने त्याच्या आधी देशाचा ‘आँ’ लावतात. शहराला ‘आ’च योग्य, असे व्याकरणकार बजावतात. ऐट काही कमी होत नाही!

ह्या लहान शब्दांवाचून अडते कोठे, असे कोणाला वाटेल. त्याने कॅनडाकडे पाहावे. तेथे केबेक नावाचा मोठा प्रांत आहे, आणि त्या प्रांताची राजधानी असलेल्या शहराचेही नाव केबेकच. ‘ओ केबेक’ म्हटले की प्रांत, ‘आ केबेक’ म्हटले की शहर. मॉन्ट्रिऑलमध्ये राहणारी मुलगी ‘ओ केबेक’ राहते, परंतु ‘आ केबेक’ राहत नाही. तिच्या घरापासून ते शहर सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. तिला भेटावयास निघालेल्या पाहुण्याने हा एक स्वर चुकीचा ऐकला, तर तो भलत्याच गावी उतरावयाचा.

क्यूबा, माल्टा, मादागास्कर ह्यांसारख्या काही बेटांच्या नावांना उपपद नसते. देश असूनही त्यांच्या आधी शहराप्रमाणे ‘आ’ येतो. मॉरिशसही त्यांपैकीच. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गलबतांत बसून मराठी मजूर तेथील उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांचे वंशज आज तेथे क्रिओल बोलतात, शाळेत फ्रेंच शिकतात, आणि कित्येक जण मराठीही शिकतात. त्यांतल्या एखाद्या मुलाला आपण कोठे राहतो हे दोन भाषांत सांगावयाचे झाले, तर तो फ्रेंचमध्ये ‘आ मोरीस’ म्हणेल आणि मराठीत ‘मॉरिशसला’ म्हणेल. एका भाषेत लहान शब्द आधी, दुसरीत मागून.

देशाने नाव बदलले की भालदारही बदलतो. सिलोन होते तोवर फ्रेंचमध्ये बेटाचा ‘आ’ होता; १९७२ साली त्याचे श्रीलंका झाले आणि पुल्लिंगी देशाचा ‘ओ’ आला. पश्चिम आफ्रिकेत फ्रेंचांनी आपल्या एका वसाहतीला व्होल्टा नदीवरून ‘ओत-व्होल्ता’, म्हणजे वरचा व्होल्टा, असे नाव दिले होते. ते नाव स्त्रीलिंगी. १९६० साली देश स्वतंत्र झाला तरी नाव तेच राहिले. पुढे १९८४ साली तेथील लोकांनी स्वतःच्या भाषांतले शब्द घेऊन देशाचे नाव ‘बुर्किना फासो’ ठेवले. त्याचा अर्थ, ताठ मानेच्या माणसांची भूमी. हे नाव फ्रेंचमध्ये पुल्लिंगी ठरले. कालपर्यंत ‘आँ ओत-व्होल्ता’ राहणारा शेतकरी आता ‘ओ बुर्किना फासो’ राहू लागला. त्याचे घर तेच होते, शेतही तेच होते. देशाची राजधानी वागादुगु मात्र पूर्वी ‘आ वागादुगु’ होती, आणि आजही ‘आ वागादुगु’च आहे.