काठमांडूची काळीमाती



या पानावर आपली गाठ पडते ती बहुधा बीजप्रक्रिया, खताची मात्रा नाहीतर बोंडअळी यांच्या निमित्ताने. आज त्यातले काही सांगणार नाही. आज तुम्हाला परदेशात घेऊन जातो. दचकू नका. या परदेशाला जायला आपल्याला विमान लागत नाही, पासपोर्ट लागत नाही. रेल्वेचे तिकीट आणि मतदार ओळखपत्र एवढे खिशात असले की झाले.

आम्ही तिघे मित्र निघालो होतो. मी, शाळेतून निवृत्त झालेले आमचे गुरुजी, आणि येवल्याकडचे कांदा पिकवणारे अण्णा. पन्नाशी उलटली तरी तिघांपैकी एकानेही देशाची वेस ओलांडलेली नव्हती. २०२३ साली दसरा झाला आणि कोजागरीच्या तोंडावर आम्ही मनमाडला गाडीत बसलो.

अण्णांच्या पिशवीत लाडवांचा डबा होता आणि डब्याखाली एक घडी केलेला कागद होता. तालुक्याच्या बाह्यवळण रस्त्याला लागून त्यांची चार एकर काळी जमीन. प्लॉट पाडणाऱ्या एकाने मोठा भाव सांगितला होता. मुलगा म्हणत होता, देऊन टाकू. अण्णा म्हणाले, “पशुपतिनाथाच्या पायावर डोकं ठेवतो, मग सही करतो.” पिशवीतला कागद म्हणजे त्या साठेखताचा मसुदा होता.

गोरखपूरला उतरलो. तिथून सुमारे १०० किलोमीटरवर सोनौलीची सरहद्द. एक कमान ओलांडली आणि आम्ही नेपाळात. गुरुजींनी घड्याळ १५ मिनिटे पुढे केले, कारण नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे आहे. आपल्या १०० रुपयांचे तिथे १६० होतात. पुढे दिवसभर बस. सपाट तराई संपून डोंगर सुरू झाले, आणि त्रिशूली नदीच्या कडेकडेने वळणे घेत काठमांडूला पोहोचेपर्यंत रात्र झाली.

पहाटे जाग आली ती थंडीने. शहर समुद्रसपाटीपासून १३०० मीटरहून उंचावर आहे, स्वेटर हवाच. चहा घेऊन बाहेर पडलो तर पाट्या सगळ्या देवनागरीत. नेपाळी भाषा याच लिपीत लिहितात. पसल म्हणजे दुकान, तरकारी म्हणजे भाजी. अण्णा लहान मुलासारखे मोठ्याने पाट्या वाचत चालले आणि एका पाटीपाशी थबकले. पाटीवर लिहिले होते, ‘कालीमाटी’.

हा काठमांडूचा मोठा घाऊक भाजीबाजार. नावाचा अर्थ सांगायला नकोच, आपल्याच तोंडचे शब्द. धादिंग, काभ्रे, मकवानपूर अशा जिल्ह्यांतून फुलकोबी, मुळा, रायाची पालेभाजी आलेली. कांदा मात्र बहुतेक आपला, भारतातला. अण्णांनी दर विचारला आणि त्यांचे डोळे विस्फारले. त्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले होते. व्यापारी हिंदीत म्हणाला, “शुल्क तुमच्याकडं लागतं आणि पाणी आमच्या डोळ्यांना येतं.” अण्णा म्हणाले, “आमच्याही येतं, दादा.” दोघेही हसले.

आता या काळ्या मातीची गोष्ट ऐका. काठमांडूचे खोरे म्हणजे पूर्वीचे एक विशाल तळे. मंजुश्रीने चोभार येथे तलवारीने डोंगर कापला, पाणी वाहून गेले आणि माणसांना राहायला जागा झाली, अशी तिथली कथा आहे. भूगर्भशास्त्रही तळे होते हे मान्य करते. हा सारा त्या तळ्याचा गाळ. मी एक ढेकूळ उचलून चुरगाळले. खडा नाही, वाळू नाही, अगदी मऊ काळी माती. पूर्वी इथले शेतकरी खालच्या थरातला काळा गाळ खोदून शेतात खत म्हणून पसरीत. आपण तलावातला गाळ टाकतो, तसेच. पण जी माती भाताला मानवते ती उंच घरांना मानवत नाही. मऊ गाळात भूकंपाचा हादरा वाढतो. २५ एप्रिल २०१५ ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, नेपाळात सुमारे ९००० माणसे गेली. ज्या काष्ठमंडपावरून शहराला नाव पडले तो लाकडी मंडपही कोसळला. कारागिरांनी जुन्याच पद्धतीने, लाकूड आणि विटांत, तो पुन्हा उभा केला आहे. आम्ही त्याच्या पायरीवर बसून लाडू खाल्ले.

दुसऱ्या दिवशी पाटणला गेलो. बागमती ओलांडली की पाटण. त्याचे दुसरे नाव ललितपूर, आणि या नावाची कथा तुम्ही कानात साठवून ठेवा. आपल्या घरी नवनाथांची पोथी वाचतात, त्यातले मच्छिंद्रनाथ तिथे पावसाचे दैवत आहेत. गोरक्षनाथ नागांना दाबून आसन घालून बसले आणि १२ वर्षे पाऊस पडला नाही. तेव्हा राजा नरेंद्रदेव, एक तांत्रिक बंधुदत्त आणि ललित नावाचा शेतकरी असे तिघे कामरूपाला गेले आणि मच्छिंद्रनाथांना घेऊन आले. गुरूला पाहून गोरक्षनाथ उठले, नाग सुटले, पाऊस कोसळला. शहराला नाव मिळाले ते राजाचे नव्हे, त्या शेतकऱ्याचे.

दरवर्षी वैशाखात तिथे मच्छिंद्रनाथांचा रथ ओढतात. शेवटी एक रत्नजडित बंडी चारी दिशांना उंच करून लोकांना दाखवतात. तिला ‘भोटो’ म्हणतात. नागराजाने एका शेतकऱ्याला ती बक्षीस दिली, ती चोरीला गेली, पुढे जत्रेत सापडली आणि मालकीचा तंटा झाला. पुरावा मिळेपर्यंत ती देवाजवळ ठेवली, अशी कथा आहे. शेतकऱ्याची ती बंडी पाहायला पूर्वी राजा यायचा. २००८ मध्ये राजेशाही संपली, तेव्हापासून राष्ट्रपती येतात.

राजवाड्याच्या चौकात १६३७ चे दगडी कृष्णमंदिर आहे. त्याच्या भिंतींवर महाभारत-रामायण कोरले आहे. मला मात्र हलवेना ती मंगा हिती. हिती म्हणजे जमिनीखाली पायऱ्या उतरून जायचे पाणवठे. मगरीच्या तोंडाच्या तीन दगडी धारा, इसवी सन ५७० पासूनच्या, आणि बायका अजून घागरी भरत होत्या. डोंगरपायथ्याचे पाणी राजकुलो नावाच्या पाटांनी तळ्यांत यायचे, मुरायचे आणि असल्या धारांतून बाहेर पडायचे. वाटेत शेतेही भिजायची. पण पाटांवर घरे उठली, तळी बुजली, आणि पुष्कळ धारा कोरड्या पडल्या. मेलम्ची नदीचे पाणी २६ किलोमीटरच्या बोगद्यातून २०२१ साली शहरात आणले, तर त्याच वर्षी पुराने नदीवरचे बांधकाम गाळाने भरून टाकले. गुरुजी बराच वेळ धारेखाली ओंजळ धरून उभे होते.

तिसऱ्या दिवशी भक्तपूर. १७०२ मध्ये बांधलेले न्यातपोल हे पाच छपरांचे देऊळ १९३४ आणि २०१५ असे दोन्ही भूकंप सोसून उभे आहे. मोठमोठ्या देवळांसमोरच्या चौकात भात वाळत पडला होता. ज्यापू म्हणजे तिथली शेतकरी जमात. परंपरेने ते नांगर धरीत नाहीत, आखूड दांड्याच्या कुदळीनेच शेत खणतात. माल खांद्यावर कावडीने नेतात, तिला खर्पन म्हणतात.

गावाबाहेर एक म्हातारबाबा भात झोडपत होते. अण्णांनी न विचारता पेंढी उचलली आणि झोडपायला लागले. ओळख व्हायला तेवढे पुरे झाले. मोडक्या हिंदीत बाबा बोलू लागले. सहा रोपनी जमीन होती. रोपनी म्हणजे आपले पाच गुंठे धरा. आठ रोपनींचा जवळपास एकर होतो. भूकंपात घर पडले, ते बांधायला चार रोपनी विकली. उरलेल्या दोन रोपनींना आता तीन बाजूंनी चार-चार मजली घरे. ऊन दहानंतर येते, पाण्याचा पाट बुजला. बाबा म्हणाले, “घर उभं राहिलं. पण त्या घरात तांदूळ विकत आणतो.” तक्रारीचा सूर नव्हता. हिशेब सांगावा तसे सांगितले.

मग त्यांनी अण्णांना विचारले, “तुमची किती?” अण्णांनी बोटांवर मोजले आणि म्हणाले, “बत्तीस रोपनी.” म्हातारबाबांनी हातातली पेंढी खाली ठेवली, अण्णांना वरून खालपर्यंत पाहिले आणि हसून म्हणाले, “मग तुम्ही राजे आहात.”

येताना मातीच्या भांड्यात लावलेले म्हशीच्या दुधाचे दाट दही खाल्ले. त्याला ‘जुजु धौ’ म्हणतात, म्हणजे राजाचे दही. गुरुजींनी चेष्टा केली, “खा राजे.” अण्णा हसले नाहीत.

शेवटच्या दिवशी पशुपतिनाथ. बागमतीच्या घाटावर चिता जळत होत्या, वर घंटा वाजत होत्या. पूजेला दक्षिण भारतातले भट्ट आहेत. अण्णा डोके टेकून बाहेर आले. मी विचारले, “सहीचं काय?” ते म्हणाले, “देवाला विचारायचं राहिलंच. त्या म्हाताऱ्यानं आधीच सांगून टाकलं.” गोरखपूरच्या फलाटावरून त्यांनी फोन लावला आणि व्यवहार नको म्हणून कळवले.

मंडळी, गोष्ट इथे गोड करून संपवत नाही. मुलगा दोन महिने बापाशी नीट बोलला नाही. कांद्याला भाव नसला की तो आजही बोलून दाखवतो आणि त्याचेही अगदी चूक नाही. कोणी जमीन विकूच नये, असे मी म्हणणार नाही. दुखणे येते, घर पडते, तेव्हा माणूस काय करील? म्हातारबाबांनी तरी काय केले असते? पण तुमच्यावर तशी वेळ नसेल आणि पिशवीत असा कागद असेल, तर सहीआधी एक करा. बांधावर जा, ढेकूळ उचला, हातात चुरगाळा. ही माती तयार व्हायला किती काळ लागला आणि फरशीखाली जायला किती दिवस लागतील, याचा हिशेब घरच्यांना बसवून करा. घरातल्या माउलीलाही त्या बैठकीत घ्या.

आणि जमले तर काठमांडूला जाऊन या. पाट्या वाचता येतील, पिके ओळखीची वाटतील. काळी माती तिथेही आहे. वाळत घातलेला भात तुडवू नका म्हणजे झाले.