ओल्या अंगावर

सोळा वर्षांपूर्वी माझी मुलगी जन्मली, तेव्हा तिच्या अंगावर प्लॅस्टिकच्या कागदासारखं घट्ट, चकचकीत आवरण होतं. पापण्या बाहेर उलटलेल्या, ओठही तसेच. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाव सांगितलं, लॅमेलर इक्थिओसिस. ग्रीकमध्ये 'इक्थिस' म्हणजे मासा. काही आठवड्यांत आवरण गळालं आणि खालून तपकिरी खवले आले. ते जायचे नव्हते.

मी काचेबाहेर उभा राहून बघायचो. तिला हात लावायची भीती वाटायची. खरं सांगायचं तर किळसही वाटायची. वॉर्डातल्या एका सिस्टरांनी ते ओळखलं. "ओ दादा, हात धुवा आन् या इकडं," म्हणाल्या. माझ्या तळहातावर व्हॅसलीन ठेवलं आणि माझं मनगट धरून माझा हात बाळाच्या पाठीवर फिरवला.

शहाणपण तेवढ्यानं आलं नाही. सापाचा कोप आहे असं घरात बोललं जाऊ लागलं, तेव्हा मी त्र्यंबकेश्वरला जाऊन नागबळी करून आलो. बायकोला "तुमच्या घराण्यातलंच आहे हे" असं ऐकवलं. ती माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. तिचं घराणं म्हणजे माझंच आजोळ, हे सिस्टरांनी मला सांगावं लागलं! सदोष जनुक आईकडूनही यावं लागतं आणि बापाकडूनही; आम्हा दोघांकडे एकेकच, म्हणून आमची कातडी साफ. प्रत्येक बाळंतपणाला चारांत एक शक्यता. त्या दिवसानंतर मी बायकोला ते वाक्य ऐकवलं नाही. माफी मात्र फार उशिरा मागितली.

सर्वांत मोठी चूक मुलगी चार वर्षांची असताना झाली. खवले लवकर निघावेत म्हणून मी सॅलिसिलिक ॲसिडचं मलम आणलं आणि कुणाला न विचारता रोज सगळ्या अंगाला चोपडलं. काही दिवसांनी पोर उलट्या करू लागली, धापा टाकू लागली, सुस्त पडली; दवाखान्यात ठेवावं लागलं. अशा कातडीतून ते औषध भराभर रक्तात उतरतं. सिस्टर मला रागावल्या नाहीत. डिस्चार्जच्या सकाळी त्यांनी आम्हा दोघांना अंघोळ शिकवली. टबात कोमट पाणी, वीस-पंचवीस मिनिटं भिजवणं. मग मऊ फडक्यानं हलक्या हातानं चोळायचं; निघतील तेवढेच खवले काढायचे, ओढायचे नाहीत. टॉवेलनं टिपायचं, पुसायचं नाही. "अंग वाळू द्यायचं न्हाई. तीन मिनिटांत मलम लागलं पायजे, ओल्या अंगावरच." आणि व्हॅसलीन लागलेले कपडे घालून गॅसपाशी उभं राहू द्यायचं नाही.

पुढची दहा-बारा वर्षं घर त्या तीन मिनिटांवर चाललं. चादरी तेलकट, सकाळच्या केरात खवले. सातवीत शाळेतून तक्रार आली, मुलीचं लक्ष नसतं. मी तिला रागावलो. सिस्टर फोनवर एवढंच म्हणाल्या, "कान बघितले का?" कानांत खवल्यांची बुचं बसली होती. तेव्हापासून कानाच्या डॉक्टरांकडे नेमानं जातो. घाम नीट येत नाही म्हणून उन्हाळ्यात दप्तरात पाण्याची फवारणीची बाटली. पापण्या पूर्ण मिटत नाहीत म्हणून रात्री डोळ्यांत मलम.

चौदाव्या वर्षी तिनं बाथरूमची कडी आतून लावली. "मलम मीच लावीन, कुणी यायचं नाही." दोन महिने ती अर्धवटच लावायची, भेगा पडल्या, मी दाराबाहेरून ओरडायचो. दवाखान्यात गेलो तेव्हा सिस्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. "आता तुमचं काम संपलं, दादा. तिचं तिला चुकू द्या." मला ते फार लागलं.

मग गोळीचा विषय निघाला. असिट्रेटिननं खवले कमी होतात. माझ्या मनात लग्नाचा हिशोब होता, हे कबूल करतो. पण ही गोळी पोटातल्या बाळाला घातक. बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भ राहू द्यायचा नाही, शिवाय लिव्हर आणि चरबीसाठी रक्ताच्या तपासण्या. पंधरा वर्षांच्या मुलीशी हे बोलायला माझी जीभ रेटेना. सिस्टर अर्धा तास तिच्याशी बोलल्या, दार लावून. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "आत्ता नको. लागली तर मी सांगेन." डॉक्टरांनी मान डोलावली. मीही डोलावली, थोडी उशिरा.

सिस्टर गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाला मी साडी घेऊन गेलो. त्यांनी ती हातात घेतली, माझ्या बायकोच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हिला द्यायला पायजे होती." बरोबरच होतं.

मुलगी आता अकरावीत आहे. भिजणं, चोळणं, मलम, सगळं तिचं ती करते. पाठीच्या मधल्या भागाला तिचा हात पोचत नाही, तेवढं आई लावते. रविवारी मुलगी सिस्टरांना फोन करते. काय बोलतात, मी विचारत नाही.