देवघराचा उंबरठा

सातारा

चि. सौ. छकुलीस,

गणपतीत तू आणि जावईबापू वाईस ताईमावशीकडे राहिलात, तेव्हा त्या जुन्या घराच्या प्रत्येक दाराला चांगला वीतभर उंच उंबरठा असताना एकट्या देवघरालाच तो का नाही, आणि देवही कोनाड्यातून काढून खुर्चीत बसलेल्या माणसाच्या छातीशी येईल अशा फळीवर का मांडले आहेत, असे तू टोरांटोहून विचारले आहेस. मावशीला विचारण्याचा तुला संकोच वाटला, हे तुझ्या स्वभावाला धरूनच झाले. परंतु या प्रश्नाच्या उत्तराचा तुझ्या संसाराशीही संबंध असल्यामुळे ते सविस्तर लिहिणे मला अगत्याचे वाटते.

मावशीच्या धाकट्या मुलाची तुला अंधुक आठवण असेल. थोरला तू जन्मलीस त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे 1994 साली, अठराव्या वर्षी गेला. लहानपणी त्याच्या पोटऱ्या इतक्या भरदार दिसत, की त्याचे आजोबा त्याला आल्यागेल्यासमोर उभा करून ‘हा आमचा पैलवान’ म्हणून मिरवीत. पुढे तो जिना चढताना कठड्याला लोंबकळू लागला, आणि जमिनीवरून उठताना आधी ओणवा होऊन, मग हात गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून मांड्यांवर असे टेकीत, स्वतःच्याच देहाचा जिना करून उभा राहू लागला. असे उठणे हे स्नायूंच्या व्याधीचे लक्षण आहे, हे गॉवर्स नावाच्या इंग्रज वैद्याने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवले होते. आमच्याकडे मात्र त्याला आळस समजून शाळेत अंगठे धरायला लावीत. 1983 साली मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात रक्ताची तपासणी झाली, पोटरीचा तुकडा काढून पाहिला, आणि ‘ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी’ असे निदान कागदावर आले. पोटऱ्यांचा तो भरदारपणा बळाचा नव्हता, झिजणाऱ्या स्नायूंची जागा चरबीने आणि तंतूंनी घेतल्याचा होता. धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता, आणि तोही तसाच हात टेकून उठत होता.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. स्त्रीजवळ तशी दोन गुणसूत्रे असल्याने बहुधा एक दुसऱ्याची उणीव भरून काढते, मुलाजवळ ते एकच आणि तेही आईकडून आलेले. एवढे शास्त्र सासरी पोहोचेपर्यंत त्याचे ‘हिच्या रक्तात खोट आहे’ असे झाले. मावशी ते निमूट ऐकून घेई, कारण तिला स्वतःलाही ते खरे वाटे. आमचा थोरला भाऊ, बापू, असाच पांगळा होऊन सोळाव्या वर्षी गेला होता, आणि घरात त्याला कुणी बाहेरची बाधा, कुणी वारे म्हणत असे. त्या दिवशी मुंबईहून परतताना तिला बापू आठवला आणि सारी साखळी तिच्या एकटीच्या ध्यानी आली.

पुढची पाचएक वर्षे नवसांत गेली. नरसोबाची वाडी झाली, गाणगापूर झाले; कुणी पितृदोष काढला म्हणून त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी झाला; सोळा सोमवार तर किती वेळा, याचा हिशेब तिच्यापाशीही नसेल. याला मी भक्ती म्हणणार नाही आणि अंधश्रद्धा म्हणून हिणवणारही नाही. ज्या बाईला वैद्यकाने ‘इलाज नाही’ असा रोखठोक जबाब दिला, तिने दुसऱ्या दरबारात अर्ज करावा यात नवल ते काय? अर्ज मात्र एकही मंजूर झाला नाही, आणि 1987 च्या सुमारास थोरला चाकांच्या खुर्चीत बसला. अमेरिकेतील संशोधकांनी त्या रोगाचे जनुक आणि त्यापासून तयार होणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन नेमके त्याच सुमारास शोधून काढले होते. त्याचा उपयोग आमच्या मुलांना होण्यासारखा नव्हता.

त्या चातुर्मासात एका कीर्तनकारांनी प्रारब्धावर निरूपण केले. थोरला ऐकायला होता. घरी आल्यावर त्याने आईला सरळ विचारले, “मागल्या जन्मी मी असं काय केलं होतं गं?” मावशीने उत्तर दिले नाही, दुसऱ्या दिवशी मात्र ती बुवांच्या बिऱ्हाडी गेली आणि म्हणाली, “महाराज, पोर मांडीवर असताना त्याच्या पापाचा हिशेब मला मांडता येत नाही. तुमच्या शास्त्रात तो मांडावाच लागत असेल, तर ते शास्त्र माझ्या उपयोगाचं नाही.” त्यानंतर कितीतरी दिवस तिने देवाला दिवासुद्धा लावला नाही, पूजा तिचे यजमान उरकीत. लोकांनी तिला नास्तिक ठरवले. माझ्या मते तिचा खरा परमार्थ त्या दिवशी सुरू झाला, कारण तोवर ती देवाशी सौदा करीत होती आणि त्या दिवशी ती प्रथम त्याच्याशी खरे बोलली.

आता उंबरठ्याविषयी. संध्याकाळच्या आरतीला थोरल्याला खुर्चीसकट उचलून आत घ्यावे लागे. त्याचे वडील सरकारी फिरतीवर असले की ते जमत नसे. अशाच एका संध्याकाळी त्याने बाहेरूनच सांगितले, “तुमचं चालू द्या, मला इथून ऐकू येतं.” दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने गवंडी बोलावला. सासूबाई आडव्या आल्या: उंबरठ्यावर नरसिंह बसला, तिथे रोज हळदकुंकू वाहायचे, तो उखडला तर लक्ष्मी घरात थांबेल कशी? मावशी म्हणाली, “लक्ष्मीला पाय आहेत, ती कुठूनही येईल. माझ्या लेकराला नाहीत.” दुपारपर्यंत दगड निघाला, आणि पुढल्या आठवड्यात सुताराकडून ती फळीही झाली. त्या दिवसापासून घरची पूजा थोरला करू लागला. हात उचलेनासे झाले तेव्हा तो मंत्र म्हणे आणि धाकटा फुले वाही. पुढे त्याचेही हात गेले, तेव्हा मावशी दोघांच्या मनगटाखाली आपला तळवा धरी आणि तीच फुले तिघांच्या हातून पडत.

या मुलांना रात्री आपले आपण कूस बदलता येत नाही, म्हणून दर दोन तासांनी उठून ती बदलावी लागते, आणि हे एकदोन नव्हे, अनेक वर्षे. पहिल्यापहिल्याने मावशी त्या वेळी हरिपाठ म्हणे. पुढे तेही गेले. एकदा मी तिला विचारले, तर म्हणाली, “उठणं हाच पाठ आहे, वेगळा म्हणायला कशाला हवा?” ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय मी विद्यार्थ्यांना शिकवला आहे, त्या एका वाक्याइतके सरळ भाष्य मला कधी करता आले नाही.

तरी लोक तिला संत म्हणतात ते मला रुचत नाही. दुःखाने माणूस मोठा होतोच असे नाही. याच व्याधीने मोडून पडलेली घरे मी पाहिली आहेत, आणि मावशीही चिडे, मुलांवर ओरडे, पुष्कळदा नुसती भिंतीकडे पाहत बसे. 1999 साली धाकटाही गेल्यावर तिने स्वतःसाठी काही मागितले नाही. तालुक्यातील अशा मुलांच्या आयांना अपंगत्वाचा दाखला, परीक्षेस लेखनिक आणि जादा वेळ मिळवून देण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे मात्र ती झिजवीत राहिली. 2016 च्या कायद्याने या व्याधीला अपंगत्वाच्या यादीत नावानिशी स्थान दिले, तेव्हा तिने मला फोनवर ते कलम वाचायला लावले.

आता तुझ्यासंबंधी. बापूला आणि मावशीच्या मुलांना हाच रोग होता, म्हणजे तुझी आजी वाहक होती असे डॉक्टर धरतात. त्या हिशेबाने तुझ्या आईची शक्यता निम्मी आणि तुझी पाव. तुझी आई ‘आता या वयात कशाला’ म्हणून तपासणी टाळते. तू टाळू नकोस. आज स्टेरॉइडमुळे मुले अधिक काळ चालतात, हृदयाची आणि श्वसनाची नीट काळजी घेतल्यास तिशीही गाठतात. अमेरिकेत 2023 साली एका जनुकोपचारालाही मान्यता मिळाली, त्याची किंमत तेव्हा बत्तीस लाख डॉलर होती. पण बाळाचा विचार करण्यापूर्वी आपल्या रक्तात काय आहे हे ठाऊक असण्याची सर त्यांतल्या कशालाच नाही. वाहक स्त्रियांनाही अधूनमधून हृदय तपासून घ्यावे लागते, ते निराळेच.

घराण्यातला नेमका दोष माहीत असला की तपासणी सोपी जाते, म्हणून मावशीने गेल्या महिन्यात पुण्यास जाऊन स्वतःचे रक्त दिले. तो अहवाल सोबत जोडला आहे. तुझ्या डॉक्टरांना दाखव, आणि तारीख ठरली की मला नको, मावशीलाच फोन कर. तिला तो प्रश्नही विचार, ती आनंदाने सांगेल.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा,
मामा